खोरफक्कान, कल्बा आणि पाण्याखालची फरशी

पूर्व किनाऱ्याला जायचं हे ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावर ठरलं. ठरवलं भाऊजींनी, मान डोलावली त्यांच्या वडिलांनी आणि प्लॅन करायचं काम आलं माझ्याकडे. "मुक्ता, तू ऑफिसच्या कामाला जातेस ना तिकडे? मग तूच बघ सगळं." मी बघितलं. रस्ते, अंतरं, हॉटेल, गाडी, हवामान असे रकाने केले. हवामानाच्या रकान्यात लिहिलं होतं: रविवारी दुपारनंतर डोंगरात पाऊस. तो रकाना सगळ्यांच्या फोनवर होता. कुणी वाचला नाही म्हणून मी चिडलेली नाही. सगळ्यांनी वाचला आणि ते त्यासाठीच गेले, म्हणून चिडलेली आहे.

मी शारजात राहते. हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात पोलादी टाक्यांवरच्या रंगाची जाडी मोजते. मायक्रॉनमध्ये. कमी भरली की टाकी नापास, मग साहेब कितीही 'चलेगा' म्हणो. ताई लग्न झाल्यापासून दुबईत, अल मनखूलला राहते. तिचे सासू-सासरे पुण्याहून महिन्याभरासाठी आले होते. सासरे, म्हणजे काका, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेत. आम्ही सहा जण होतो: काका, काकू, भाऊजी, ताई, त्यांची नऊ वर्षांची अन्वी आणि मी.

बारा सीटांची व्हॅन ड्रायव्हरसकट दोन दिवसांना अकराशे दिरहम पडली. काकूंनी लगेच चोवीसने गुणून रुपये केले. "सव्वीस हजार! अगं, एवढ्यात आम्ही केरळ करून आलो होतो."

"केरळात डोंगर आणि समुद्र इतके जवळ नाहीत, काकू," मी म्हटलं. ताईने डोळे वटारले. सासरच्यांना उलट बोलायचं नाही, हा नियम ताईसाठी आहेच. ताईच्या बहिणीसाठी तो दुप्पट आहे.

शनिवारी सकाळी सातला मला शारजातून उचललं. इथून पूर्वेला जायला दोन चांगले रस्ते आहेत. खोरफक्कानचा नवा रस्ता डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी जातो आणि तासाभरात पोचवतो. आम्ही जुना, धैद–मसाफीचा घेतला, कारण त्यात बदलत जाणारी जमीन दिसते. आधी तांबूस वाळू आणि उंट, मग खुरटी झाडं, मग अचानक काळपट-तपकिरी डोंगर. हे हजर नावाचे डोंगर म्हणजे एकेकाळचा समुद्राचा तळ आहे, उचलून वर आलेला. त्यावर माती जवळजवळ नाही. पाणी पडलं तर मुरायला जागा नाही. हे मी गाडीत सांगितलं होतं. काका म्हणाले, "आपल्याकडे बेसॉल्ट, इथे हा. खडक तो खडकच." आणि सगळ्यांना वाटलं, विषय संपला.

गाडी चालवत होते रहमतभाई. पाकिस्तानातल्या दीरचे, पन्नाशीचे, एकोणीस वर्षं इथे. एकशेवीसच्या रस्त्यावर काटा एकशेदहाच्या वर जाऊ देत नव्हते.

"रहमतभाई, बैलगाडी है क्या?" भाऊजी मागून म्हणाले.

"साहब, पहुँचा देगा. आराम से."

मसाफीचा बाजार रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलाय. गालिचे, मातीची भांडी, रोपं, फळं. नाव शुक्रवार बाजार असलं तरी रोज उघडा असतो. गालिच्याची पहिली किंमत ऐकून निम्म्यावर बोला, तरी फसालच. चहा घ्या, कडक, कागदी कपात, दोन दिरहम. ("पन्नास रुपये? चहाला?" – काकू. हे दोन दिवसांत अकरा वेळा झालं.) रहमतभाई बाजूला उभे होते. त्यांना चहा न्यायला गेले तेव्हा ते स्वतःहून बोलले.

"बहनजी, साहब को बोलना, मैं धीरे इसलिए चलाता है कि चार ब्लैक पॉइंट है मेरा. फोन उठाया था. कंपनी का ही फोन था. चौबीस हुआ तो लाइसेंस गया. लाइसेंस गया तो मैं भी गया."

इथे न राहणाऱ्यांसाठी सांगते: दंडाचे पैसे कुणीही भरू शकतो. काळे पॉइंट मात्र चालवणाऱ्याच्याच लायसन्सवर चढतात आणि वर्षभर राहतात. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याच्यासाठी हा आकडा पगारापेक्षा मोठा असतो. त्यांचे चार पॉइंट पुसायला अजून सात महिने होते. मी भाऊजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "सगळे ड्रायव्हर हेच सांगतात."

मसाफीहून डावीकडे वळून दिब्बाला उतरलो. हे एक गाव तीन सत्तांमध्ये वाटलेलं आहे: एक तुकडा फुजैराचा, एक शारजाचा, एक ओमानचा. अन्वीने विचारलं, "सो हूज बीच इज धिस?" आम्हाला कुणालाच खात्रीने सांगता आलं नाही. नकाशा बघाल तर या किनाऱ्यावर अशीच ठिगळं आहेत. फुजैरा ही संपूर्णपणे या बाजूला असलेली एकमेव अमिरात, पण तिच्या मधोमध खोरफक्कान आणि खाली कल्बा शारजाचे. समुद्रही वेगळा. दुबईचं उथळ, हिरवट, कोमट पाणी विसरा. हा ओमानच्या आखाताचा समुद्र आहे, खोल आणि निळा, आणि समोर थेट भारतापर्यंत मोकळा. म्हणून इथल्या माणसांचा व्यवहार शेकडो वर्षं आपल्या किनाऱ्याशी होता. म्हणून पोर्तुगीजही इथे आले.

अल बिदियाची मशीद रस्त्याला लागूनच आहे. देशात अजून नमाज होत असलेल्यांपैकी सगळ्यात जुनी मानतात. प्रवेश फुकट. बायकांना दारात अंग झाकायला अबाया देतात, चपला बाहेर. आपल्या घराच्या हॉलएवढी जागा, वर चार बुटके घुमट आणि सगळ्याचा भार मधल्या एकाच खांबावर. लाकडाचा तुकडा नाही, कारण इथे लाकूड नव्हतंच. काकांनी तो भार खांबापर्यंत कसा येतो ते हातवारे करून समजावलं. काका चांगलं समजावतात. हे लिहिणं आवश्यक आहे. मागच्या टेकडीवर पहाऱ्याचे बुरूज आहेत. तिथून एका बाजूला खजुराची बाग आणि दुसऱ्या बाजूला समुद्र दिसतो. काका म्हणाले, "वसईला, कोरलईला हेच पोर्तुगीज, हाच काळ." मला ते आवडलं. त्या क्षणी मला हा माणूस आवडत होता.

खाली उतरलो तर काकू तिखटमिठाच्या पुऱ्या वाटत होत्या. आमच्यासाठी स्टीलच्या ताटल्या आणि एक कागदी डिश. "ही त्याला गाडीतच दे गं, मुक्ता. इथे कुठे बसवायचं?" बाकावर चार माणसांची जागा रिकामी होती. मी डिश नेऊन दिली. काही बोलले नाही. या प्रवासातलं माझं पहिलं काही-न-बोलणं ते.

खोरफक्कान संध्याकाळी बघा. डोंगरांच्या कुशीत अर्धगोल खाडी, एका टोकाला कंटेनरचं बंदर आणि लांबच लांब फिरायचा रस्ता. मासळीबाजारात शेरी नावाचा मासा घ्या आणि शेजारच्या दुकानात तळून घ्या. सहा जणांचं जेवण, भात-सॅलडसह, एकशेचाळीस दिरहमात झालं. काकू शाकाहारी, त्यांना डाळ मिळाली. डोंगरावरून मोठा धबधबा कोसळतो. त्याच्यासमोर प्रत्येकाने फोटो काढले.

"इतकं पाणी येतं कुठून?" काकूंनी विचारलं.

"इट्स पंप्ड, आजी. दे स्विच इट ऑफ."

काकू जरा हिरमुसल्या. भाऊजी म्हणाले, "आई, खरा पाऊस उद्या दाखवतो. डोंगरात आहे उद्या."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात मासा होता, हे कारण होऊ शकत नाही.

रात्री फुजैरात उतरलो. दोन बेडरूमचं हॉटेल अपार्टमेंट साडेतीनशेला, स्वच्छ, स्वयंपाकघरासह. रविवारी सकाळी फुजैराचा मातीचा किल्ला पाहिला. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रजी युद्धनौकेने तोफांनी याचे बुरूज पाडले होते, आता पुन्हा लिंपून उभे केलेत. इतके गुळगुळीत की जुनं कुठे संपतं ते कळू नये अशी व्यवस्था आहे. बाहेर समुद्रात नांगरलेली तेलवाहू जहाजं मोजली, एका नजरेत एकतीस. मग दहा किलोमीटरवर कल्बा. इथली खारफुटी फार जुनी आहे आणि तिच्यात एक निळा-पांढरा खंड्या राहतो, जो जगात मोजक्याच ठिकाणी उरलाय. लाकडी पुलावर चाळीस मिनिटं उभी राहिले आणि दिसला. चार सेकंद. या किनाऱ्यावर एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर कल्बा बघा, आणि सकाळी बघा.

दुपारी साडेबाराला, कल्बाच्या पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या फोनवर इशारा आला. ओढ्या-नाल्यांपासून दूर राहा. इंग्रजीत, अरबीत, मोठ्या आवाजासकट.

"चला!" भाऊजींनी टाळी वाजवली. "यल्ला, यल्ला! वाडी वाहताना बघायची. शुक्रवारपासून वाट बघतोय."

बाहेरच्यांसाठी पुन्हा सांगते. वाडी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा. आणि इथल्या भारतीयांना एक वेड आहे. वर्षात चार वेळा पाऊस पडतो, आणि तो पडणार म्हटलं की आपण गाड्या काढून नेमके तिथे जातो जिथे जाऊ नका म्हणून सरकार ओरडत असतं. कारण पाऊस म्हणजे आपल्याला मजा ठाऊक. ताईने घरूनच छोटा गॅस, कढई, बेसन आणि दीड किलो कांदे आणले होते. म्हणजे हे शुक्रवारीच ठरलं होतं. माझ्या प्लॅनमध्ये नव्हतं, त्यांच्या होतं.

"साहब, वादी में आज नहीं," रहमतभाई म्हणाले. "फाइन है. बारिश पहाड़ में होता है, पानी इधर आता है."

"अरे, लांबूनच बघायचंय. बाबा इंजिनियर हैं, पानी का ही काम किया है ज़िंदगीभर," भाऊजी म्हणाले.

रहमतभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मी एक वाक्य बोलू शकत होते. सगळ्यांसमोर, मोठ्याने: आपण जाणार नाही. मी ताईकडे वळून हळू म्हटलं, "ताई, हे बरोबर नाही."

"बाबांचा मूड आहे गं. उगाच फाटे फोडू नकोस."

मी सीटबेल्ट लावला.

त्या वाडीचं नाव लिहीत नाही. वाचून कुणीतरी तिथेच जाईल. डांबरी रस्ता खाली उतरतो, ओढ्याच्या पात्रातून सिमेंटच्या सपाट पट्ट्यावरून पलीकडे जातो आणि वर चढतो. काका बघताच खुश झाले. "ही तर आपली फरशी! मी अशा शंभर बांधल्यात." कडेला पाण्याची खोली दाखवणारा लाल-पांढरा खांब होता. पात्र ठणठणीत कोरडं. आम्ही फरशी ओलांडून पलीकडे गेलो. रहमतभाईंनी व्हॅन वर चढणीवर लावली, तोंड रस्त्याकडे करून. बाकीच्यांनी खाली पात्रातच, एका बोरीच्या सावलीत ताडपत्री अंथरली, कारण सावली तिथेच होती. कढई चढली. समोरच्या डोंगरांवर आभाळ शाईसारखं झालं होतं. आमच्या डोक्यावर ऊन.

मी बसले नाही. बोरीच्या फांद्यांमध्ये काटक्या, गवत आणि प्लास्टिक अडकलं होतं. सगळं एकाच पातळीत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, आणि सगळं एकाच दिशेला वळलेलं. त्यात पाण्याची एक बाटली होती. मी ती सोडवून घेतली आणि मानेवर छापलेली तारीख वाचली. अकरा महिन्यांपूर्वी भरलेली होती.

"काका, हे बघा. इथे वर्षाच्या आत खांद्याएवढं पाणी येऊन गेलंय."

काकांनी बाटली हातात घेतली नाही. "वाऱ्याने आली असेल."

"वारा सगळा कचरा एका उंचीवर लावत नाही."

"बाळ, मी पस्तीस वर्षं पाणी बघितलंय. पाऊस डोक्यावर आला, की अर्धा-पाऊण तास मिळतो. पाणी आधी गढूळ होतं, मग चढतं. आपण तेव्हा उठू."

"ते आपल्याकडे, जिथे माती आहे. इथे—"

"मुक्ता," ताई म्हणाली. "भजी खा."

भाऊजी हसले. "मेहुणीबाई, इथे पण इन्स्पेक्शन? फेल केलंत का आम्हाला?"

मी अन्वीचा हात धरला आणि तिला रंगीत दगड दाखवते म्हणून वर व्हॅनपाशी घेऊन गेले. फक्त तिला. बाकीच्यांना मी तिथेच सोडलं, हेही नोंदवून ठेवते.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी आधी आवाज आला. रिकाम्या ट्रकमध्ये खडी ओतल्यासारखा, पण थांबत नव्हता. रहमतभाई माझ्या शेजारून धावत खाली गेले. "ऊपर! ऊपर आओ! सामान छोड़ो!" त्यांनी काकूंना दंडाला धरून अक्षरशः ओढत वर आणलं. काकू ओरडत होत्या, "कढई! अरे गॅस चालू आहे!" काका शेवटी आले, आणि ते चालत आले. घाई केली तर चूक कबूल केल्यासारखं होईल, अशा बेताने. ते वर पोचल्यावर मी दहा मोजायच्या आत वळणावरून पाण्याची पुढची कड आली. ते पाण्यासारखं दिसत नव्हतंच. फांद्या, फेस आणि गोटे यांचा तपकिरी लोळ होता. ताडपत्री एकदा उभी राहिली आणि गेली. दीड किलो कांद्यांची भजी गेली. बोर कमरेपर्यंत बुडाली.

कुणाला खरचटलंही नाही. मग भाऊजींनी फोन काढून व्हिडिओ सुरू केला. "ओ माय गॉड, काय सीन आहे!"

आता आम्ही पलीकडच्या काठावर अडकलो होतो. मागे रस्ता एका वस्तीपाशी संपत होता. परत जायला ही एकच फरशी, आणि ती पाण्याखाली. मी काठावर पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. दहा मिनिटांनी तो दिसेना. दुसरा ठेवला.

पावणेपाचला काकांनी जाहीर केलं, "आता ओसरतंय. ढगही पांगले. खांबावर बघा, अर्धा मीटरसुद्धा नाही. फर्स्ट गियरमध्ये, न थांबता काढली तर व्हॅन निघेल."

"मला सहाला कॉल आहे," भाऊजी म्हणाले. "इथे नेटवर्क धड नाही. रहमतभाई, चलो."

"नहीं साहब. पानी में नहीं जाएगा. तेईस पॉइंट है इसका, दो महीना गाड़ी अंदर."

"कोण बघतंय इथे? फाइन लगा तो मैं भरूँगा. डबल भरूँगा."

"फाइन आप भरेगा." रहमतभाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पॉइंट कौन भरेगा?"

"मग मी तुमच्या कंपनीला फोन करतो. क्लायंटला रानात अडकवून ठेवलंय म्हणून सांगतो. बघू काय म्हणतात."

ही धमकी लागू पडली. मी ती लागू पडताना पाहिली. तेवीस आणि चार सत्तावीस होतात, चोवीसच्या पुढे तीन. पण ती उद्याची गोष्ट, आणि मालकाचा फोन आत्ताचा. एकोणीस वर्षं इथे काढलेला माणूस खांदे पाडून गाडीकडे निघाला, बसला आणि त्याने किल्ली लावली. काकूंनी पदर खोचला, जणू बस लागली होती. ताई अन्वीला आत चढवायला लागली.

मी ड्रायव्हरच्या दाराशी गेले, आत हात घातला, किल्ली काढली आणि जीन्सच्या खिशात टाकली.

"कंपनी को बोलिए, पैसेंजर ने चाबी छीन ली," मी रहमतभाईंना म्हटलं. "मेरा नाम बताइए. बुकिंग मेरे नाम पर है."

त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. त्यांना बोलायला लागू नये, हाच किल्ली काढण्याचा उपयोग होता.

"मुक्ता, हा काय प्रकार आहे?" काका म्हणाले.

"काका, ओसरत नाहीये. मी चार दगड ठेवले, चारही बुडाले. शेवटच्या दहा मिनिटांत खांबावर दोन पट्टे चढलेत. आपल्या डोक्यावर ढग नाहीत, ते वर डोंगरात आहेत. तुम्ही सह्याद्रीतलं पाणी बघितलंय. हे तुम्ही बघितलेलं नाही."

"मुक्ता!" ताई.

"चावी दे इकडे," भाऊजींनी हात पुढे केला. "मोठ्यांशी बोलायची ही पद्धत?"

"नाही देणार."

"निनाद, राहू दे," काका भाऊजींना म्हणाले. "आजकालच्या मुलींना शिक्षण आहे, संस्कार नाहीत." आणि ते पाठ करून एका दगडावर जाऊन बसले. काकू त्यांच्या शेजारी. नंतरचे जवळजवळ दोन तास माझ्याशी फक्त अन्वी बोलली. "मावशी, आर यू इन ट्रबल?" मी म्हटलं, हो.

पलीकडच्या काठावर एक पांढरा पिकअप थांबला. पांढऱ्या दाढीचे एक स्थानिक आजोबा उतरले आणि दोन्ही हात खाली दाबून 'बसा, बसा' अशी खूण करत राहिले. वरून ओरडले, "खलास! नो कार! सिट!" मग त्यांनी फोन लावला. पाणी सव्वापाचला खांबाच्या सहाव्या पट्ट्यापर्यंत चढलं, आणि नंतर खरंच उतरू लागलं. साडेसहाला फरशी वर आली.

पूर्ण आली नाही. खालच्या बाजूची अर्धी लेन जागेवर नव्हती. तिथे काळं भगदाड होतं आणि त्यात पाणी गोल फिरत होतं. गढूळ पाण्याखाली ते कुणालाही, कोणत्याही गियरमध्ये दिसलं नसतं. फर्स्ट गियरमध्ये न थांबता जायचं होतं त्या रांगेतच ते होतं.

काका काठावर उभे राहून त्याकडे बराच वेळ बघत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. मला फक्त ते काय म्हणतात ते ऐकायचं होतं.

"खालच्या बाजूला दगडी भरण नीट केलेलं नाही," ते म्हणाले. "काम निकृष्ट आहे."

आजोबांच्या फोनवरून पोलीस आले होते. त्यांनी उरलेल्या लेनवरून व्हॅन सावकाश बाहेर काढून दिली, काकूंना पाण्याची बाटली दिली, सगळे ठीक आहेत ना विचारलं, आणि मग रहमतभाईंचं लायसन्स मागितलं. पाऊस असताना वाडीपाशी थांबण्याचा वेगळा गुन्हा आहे: हजार दिरहम आणि सहा पॉइंट. भाऊजींनी पुढे होऊन सांगितलं, आम्हीच आणलं त्याला, आमची चूक. हे त्यांनी केलं, नाही म्हणत नाही. पोलीस शांतपणे म्हणाला, "सर, ड्रायव्हर इज ड्रायव्हर." भाऊजींनी दंडाचे हजार लगेच दिले आणि वर दोनशे रहमतभाईंच्या खिशात घातले. त्यांच्या दृष्टीने तिथे सगळं मिटलं.

परतीला नवा रस्ता घेतला. बोगदे, दिवे, गुळगुळीत डांबर. तासाभरात शारजाची कोंडी लागली. काकूंनी एकदाच विचारलं, कढई कितीला पडली होती.

आता घरी येऊन नऊ दिवस झालेत. भाऊजींनी व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. 'थ्रिलिंग एक्सपिरियन्स विथ आई-बाबा.' सत्तेचाळीस अंगठे आलेत. कुणीतरी लिहिलंय, काका असताना पाण्याची काय भीती. मी ग्रुप म्यूट केलाय.

पूर्व किनाऱ्याला जा. मनापासून सांगते. बिदियाचा तो एक खांब बघा, खोरफक्कानला मासे खा, कल्बाला सकाळी पुलावर गप्प उभे राहा. कोरडा दिवस निवडा. आणि फोनवर इशारा आला तर घरी भजी तळा. ती इथल्या कांद्याचीही चांगली होतात.

काल ताईचा फोन आला होता. "बाबा उद्या पुण्याला चाललेत. त्यांना एक फोन कर आणि सॉरी म्हण. माझ्यासाठी."

"कशासाठी सॉरी?"

"तू बोललीस ते सगळ्यांसमोर बोललीस, म्हणून."

मी फोन केला, पण काकांना नाही. चार आणि सहा, दहा पॉइंट होतात. ते सहा दुपारी साडेबाराला चढले, कल्बाच्या पार्किंगमध्ये, मी सीटबेल्ट लावला तेव्हा. किल्ली काढणं पावणेपाचचं होतं. त्याबद्दल माझ्या ऑफिसात दोघांनी मला शाबासकी दिली आणि मला ती घेववली नाही.

रहमतभाईंनी तिसऱ्या रिंगला उचलला. गाडी बाजूला लावलीय का ते मी आधी विचारलं. लावली होती. मी सांगितलं की मला माफी मागायची आहे, ते सहा पॉइंट माझ्यामुळेही आहेत.

पलीकडे इंडिकेटरची टिकटिक चालू होती.

"बहनजी, चाबी निकाला, वो अच्छा किया," ते म्हणाले. "लेकिन अगली बार सुबह बोलना."